गावात नसलेली मेंबरीण

गुणाबाईच्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला असायचा. ती जन्मली तेव्हा रडली नाही, भांडली, असं सुईण सांगायची म्हणे. सुईणींचं बोलणं कोण मनावर घेतं? पण पुढं आयुष्यभरात त्या म्हातारीला खोटं पाडील असं गुणाबाईनं काही केलं नाही, हेही तितकंच खरं.

पनवेलच्या खाडीला लागून मिठागरांचं एक गाव आहे, तिथली ही बाई. गावाचं नाव सांगत नाही. ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी विहिरीवर माना खाली घालून उभ्या राहिलेल्यांपैकी पुष्कळ जणी अजून आहेत, आणि त्यांच्या नातवंडांना उगाच खाली बघायला नको. गुणाबाई लग्न होऊन तिथं आली ती चौदा-पंधराची असताना. नवरा भला होता, पण खाडीतून मीठ नेणाऱ्या मचव्यावर पाय घसरून पडल्याचं निमित्त झालं आणि तो गेला. मागं राहिली एक मुलगी, ती पुढं उरणकडं दिली. मग घरात गुणाबाई एकटी. सकाळी मिठागरात जायचं, डोक्यावर मिठाच्या टोपल्या वाहायच्या, संध्याकाळी घरी येऊन भाकरी थापायची, आणि मधल्या वेळात पाणी.

त्या पाण्यानंच सगळं रामायण घडवलं. गावाच्या दोन आळ्या. वरची आळी टेकाडावर, खालची खाडीच्या कडेला. खालच्या आळीत कुठंही खणा, मचूळ पाणी. तोंडात घेतलं तर थुंकावं असं. गोड पाण्याची विहीर, म्हणजे तिकडच्या बोलीत बाव, अख्ख्या गावात एकच, आणि ती दयाराम पाटलाच्या वाडीत. आता देवानं गोडं पाणी दयारामच्या वाडीखाली घातलं यात दयारामची काय करामत? पण तो असा वागायचा जणू ते पाणी त्याच्या आजोबांनी मडक्यातून आणून ओतलं होतं. आधी त्याच्या घरचं पाणी भरायचं. मग त्याची गुरं. मग त्याच्या केळी. हो, केळीसुद्धा! केळी भिजेपर्यंत खालच्या आळीच्या बाया हंडे घेऊन कुंपणाबाहेर उभ्या. त्यानंतर वरची आळी, आणि सगळ्यात शेवटी, विहिरीत गढूळ उरलं की खालच्या बायांना हाक. तेवढं पाणी घेऊन खारबांधाच्या निसरड्या वाटेनं घर गाठायचं.

त्या वाटेवर एकदा गुणाबाईची शेजारीण मैना पडली. सहावा महिना होता तिला. हंडा एकीकडे, ती एकीकडे. पोर गेलं. बाया तिला उचलून आणत होत्या तेव्हा दयाराम ओटीवर पान खात बसलेला. काय झालं म्हणून त्यानं विचारलं, कोणीतरी सांगितलं, आणि हा गृहस्थ म्हणाला, "हंडा शाबूत हाय ना? मग झालं. पोरं काय, होतील आनखी."

मैनाचा नवरा तुळशीराम तिथंच होता. दयारामच्या मिठागरावर तो मुकादम. तो काय बोलला असेल? काही नाही. मान हलवली. गुणाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. दयारामचं बोलणं तिला लागलं त्याहून तुळशीरामचं मान हलवणं जास्त लागलं. त्या दिवसापासून तिच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली: खालच्या आळीला स्वतःची बाव पाहिजे. दयारामच्या कुंपणाच्या बाहेर, कोणाच्या बापाची नाही अशी.

आणि नेमकं महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमाराला ती संधी चालत आली. आजूबाजूच्या चार-पाच गावांची मिळून एक ग्रामपंचायत होणार, असं पनवेलहून कळलं. प्रत्येक गावाचा मेंबर निवडून जाणार. या गावाच्या वाट्याला एक जागा. शिवाय सरकारनं गावाला नवी विहीर मंजूर केलेली. ती कुठं खणायची ते पंचायत ठरवणार, म्हणजे गावाचा मेंबर जिकडं बोट दाखवील तिकडं. हे ऐकून खालच्या आळीतल्या बाया हरखल्या. गुणाबाई मात्र हरखली नाही. बोट कोणाचं असणार, हे तिला दिसत होतं.

गावात सरकार यायच्या आधीपासून एक सरकार होतंच. ते म्हणजे गावकी. देवळासमोर बैठक भरायची, दयाराम खांबाला टेकून बसायचा, बाकीचे त्याच्या समोर. गावकी माणसं मोजायची नाही, घरं मोजायची. एका घराचा एक शब्द, आणि तो शब्द घरातल्या कर्त्या पुरुषाचा. बायांचं तिथं कामच नाही. शब्द पक्का करायचा तर देवीसमोरचा नारळ दोन्ही हातांनी उचलायचा. नारळ उचलला की घर बांधलं गेलं. मग शब्द मोडणाऱ्यावर देवी कोपणार ती कोपणारच, पण त्याआधी गावकी वाळीत टाकणार. देवीपेक्षा लोक दुसऱ्या गोष्टीला जास्त भ्यायचे.

मेंबर ठरवायला अशीच बैठक भरली. दयारामचं नाव दयारामनंच सुचवलं. म्हणजे तोंडानं दुसऱ्यानं, पण ते सगळ्यांना ठाऊक. बिनविरोध जायचं, पेटीबिटीची भानगड नको, असं ठरलं. एकेक कर्ता पुढं येऊन नारळ उचलू लागला. सगळ्यात आधी तुळशीराम. गुणाबाईच्या घरात पुरुष नव्हता, म्हणून अख्ख्या गावात एकट्या तिलाच बाई असून नारळासाठी बोलावलेलं. ती सगळ्यात शेवटी, पायरीखाली उभी होती.

"ये गो गुणाबाय, हात लाव आनि घरी जा," दयाराम म्हणाला.

"लावते. आधी सांगा, नवी बाव कुठं खननार?"

दयाराम हसला. "कुठं म्हनजे? माझ्या वाडीला लागून. तिथंच पानी गोड हाय."

"आमच्या आळीच्या पाठी मुरमाची जमीन हाय. तिथं पन गोड पानी लागतं असं माझा सासरा सांगायचा."

"तुझा सासरा!" बैठकीत हशा पिकला. "अगो, सासरा गेला, नवरा गेला, आता तू कशाला पानी शोधतेस? नारळ उचल."

"नाय उचलत," गुणाबाई म्हणाली आणि निघाली.

असं कोणी कधी केलं नव्हतं. दयारामनं मात्र हात झटकला. सगळ्या घरांचा शब्द त्याच्या पदरात, एक रांडमुंड बाई नाही म्हणाली म्हणून त्याचं काय वाकडं होणार होतं? तो हेच म्हणाला, आणि याच शब्दांत म्हणाला. गुणाबाईच्या कानावर ते दुसऱ्या दिवशी मिठागरात आलं. तिनं टोपली खाली आपटली आणि येत्या बाजाराच्या दिवशी सुकी मच्छी विकायला जाणाऱ्या बायांबरोबर पनवेल गाठलं.

मामलेदार कचेरीत निवडणुकीचा एक कारकून बसलेला. भला माणूस होता. बाई उमेदवारीसाठी आली म्हटल्यावर त्यानं चष्मा काढून पुन्हा घातला, पण तिला हाकललं नाही. अर्ज त्यानंच भरून दिला, तिचा अंगठा घेतला. गुणाबाई तरी उठेना.

"साहेब, एक विचारू काय? मत कोन कोन टाकनार? घरटी एक?"

"छे हो. घराचा काय संबंध? एकवीस वर्षं पुरी झालेला प्रत्येक माणूस. बाई असो, बुवा असो."

"आनि कोनी कोनाला टाकलं ते कळतं?"

"कोणालाही नाही."

"पाटलाला?"

"नाही."

"नवऱ्याला?"

कारकून हसला. "बाई, नवऱ्याला काय, मला नाही कळत. कलेक्टरला नाही कळत. आडोशाला एकटीनं जायचं, शिक्का मारायचा, घडी करून पेटीत टाकायचं."

गुणाबाई तिथून निघाली ती बाजारात न थांबता सरळ घरी. वाटभर ती स्वतःशी बडबडत होती. एवढं साधं होतं, आणि आजवर कोणी सांगितलं नाही!

अर्जाची बातमी गावात पोचली तेव्हा दयाराम पुन्हा हसला, आणि इथंच त्याचं चुकलं. तो जन्मभर घरं मोजत आलेला. त्याच्या हिशेबात गुणाबाईच्या बाजूला एक घर आणि त्याच्या बाजूला बाकी सगळा गाव. नारळ उचललेला पुरुष शब्द मोडणार नाही, ही त्याची खात्री. आणि गंमत बघा, ती खात्री अगदी बरोबर होती. तो कोणाच्या दारात मत मागायला गेला नाही. छत्री ही त्याची निशाणी. ती कोणाला दाखवायचेही कष्ट त्यानं घेतले नाहीत.

गुणाबाईची निशाणी कंदील. तीही दारोदार फिरली नाही. ती मिठागरात जायची, टोपली भरायची, आणि शेजारून जाणाऱ्या बाईला चालता चालता म्हणायची, "देवळात नारळ कोनी उचलला?"

"आमच्या घरच्यांनी."

"तू उचललास?"

"मी कशाला उचलू? मना कोन बोलावतं?"

"मग तुझ्यावर शपथ नाय. डोकं चालव."

बस. दुसऱ्या फेरीला दुसरी बाई. तुळशीराम मुकादम बांधावर छत्री उघडून बसलेला असायचा आणि त्याच्या नाकाखालून हे सगळं चाललेलं. बायांच्या बडबडीकडं लक्ष द्यायची त्याला सवयच नव्हती. मैनानं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती घाबरून म्हणाली, "काकी, त्यांना कळलं तर चामडी सोलतील." गुणाबाई खेकसली, "कलेक्टरला कळत नाय ते तुझ्या मुकादमाला कळनार हाय? मोठा लागून गेला!" मैनाला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

मतदान शाळेत झालं. पुरुष नटून आले आणि आपापल्या बायकांना वाटेत बजावत आले, "छत्रीवर मारायचा, कळलं ना?" बायांनी माना हलवल्या. माना हलवण्यात त्या तयार होत्याच. मग एकेक जण आडोशाला गेली. तिथं नवरा नाही, सासू नाही, दयाराम नाही. कित्येक जणींना तर आयुष्यात पहिल्यांदा एवढा आडोसा मिळाला असेल.

निकाल लागला आणि गुणाबाई निवडून आली. थोडीथोडकी नाही, चांगली दणकून; नारळ घरटी एकानंच उचललेला, बाकी सगळी मोकळी होती.

दयाराम पनवेलहून परतला तो कोणाशी न बोलता. संध्याकाळी देवळापुढं बैठक बसली. शब्द कोणी मोडला? दयाराम एकेकाच्या डोळ्यांत बघत विचारत गेला, आणि एकेकानं पोराबाळांच्या गळ्याची आण घेऊन सांगितलं, मी नाही. आणि खरं सांगायचं तर एकानंही मोडला नव्हता. सगळे पुरुष इमानी निघाले. मग मतं आली कुठून? आभाळातून पडली? उत्तर एकच होतं आणि ते बसलेल्या प्रत्येकाला समजलेलं होतं. पण ते बोलायचं म्हणजे काय, तर माझ्या घरात माझं कोणी ऐकत नाही हे चारचौघांत कबूल करायचं. कोण करील? मिशीला पीळ देत बसलेले बाप्ये सगळे. घाम पुसत इकडं तिकडं बघत राहिले.

शेवटी तुळशीरामनं तोड काढली. नारळ कोणी उचलला नव्हता? गुणाबाईनं. मग गावाचा शब्द कोणी मोडला? गुणाबाईनं. सगळ्यांना हायसं वाटलं. ठरलं! गुणाबाई वाळीत. तिच्याशी कोणी बोलायचं नाही, तिला विस्तव द्यायचा नाही, कामावर घ्यायचं नाही, तिच्या मयताला जायचं नाही. जो तिच्याशी बोलेल त्याचं घरही वाळीत. दयारामनं हे पायरीवर उभं राहून मोठ्यानं सांगितलं, बायांनाही ऐकू जावं म्हणून.

आता सांगा, याला काय म्हणायचं? ज्या गावानं तिला सगळ्यांत जास्त मतं देऊन मेंबर केलं, त्याच गावात तिच्याशी बोलायला एक माणूस नाही. सकाळी दार उघडलं की समोरची बाई दार लावून घ्यायची. बांधावरून येताना समोरून कोणी आलं तर चिखलात उतरून वाट बदलायचं, पण जवळून जायचं नाही. मिठागरातून तिला काढलं. ती खाडीपलीकडच्या गावात मीठ वाहायला जाऊ लागली, उपाशी काही राहिली नाही. पनवेलच्या पोलीस जमादाराकडं गेली. असं वाळीत टाकणं कायद्याला धरून नाही, असं तो स्वतःच म्हणाला. मग गावात आला, दयारामच्या ओटीवर चहा प्याला, आणि "आपसात मिटवा" म्हणून सायकलवर टांग टाकून गेला. गेला तो गेलाच.

दयारामवर गुणाबाईचा राग जुना होता, त्याचं तिला नवल नव्हतं. तिचं डोकं फिरायचं ते बायांवर. याच की त्या! आडोशाला शिक्का ठोकताना हात थरथरला नाही, आणि रस्त्यात "काय काकी" म्हणायला यांची जीभ लुळी पडली. पेटीतल्या शूर! ती घरात एकटी बसून भांडी आपटायची आणि एकेकीचं नाव घेऊन शिव्या मोजायची. मैनाच्या नावाच्या सगळ्यात जास्त. भिंतीला भिंत लागून घर, पलीकडं बांगड्या वाजल्या तरी ऐकू यायच्या, आणि महिनोन्महिने एक शब्द नाही. एकदा तर गुणाबाई भिंतीकडं तोंड करून ओरडलीसुद्धा, "मेले तर वास येईल, तेव्हा तरी येशील ना गो?" पलीकडं बांगड्या थांबल्या.

पण पंचायतीच्या सभेला ती चुकली नाही. एकही. चार गावांचे मेंबर सतरंजीवर बसायचे, गुणाबाई दाराजवळ. सरपंच शेजारच्या गावचे दिनानाथ म्हात्रे, शिकलेले, मवाळ. विहिरीचा विषय निघाला तसे ते म्हणाले, "बाई, तुमच्या गावचे दयारामशेठ सकाळीच भेटून गेले. त्यांचं म्हणणं, जागा त्यांच्या वाडीलगत बरी."

"दयारामदादांना कोनी निवडून दिलंय?" गुणाबाईनं विचारलं.

"तसं नव्हे, पण गावाची इच्छा..."

"गावाची इच्छा पेटीत निघाली ना? का ती गावाची नव्हती?" तिचा आवाज चढला. "मी गावानं धाडलेली बाय हाय. खालच्या आळीच्या पाठी, मुरमाच्या जागेत. हात वर करा नायतर खाली ठेवा, पन मना दयारामदादांचा निरोप सांगू नका."

बाकीच्या गावांना दयारामच्या मिजाशीचा प्रसाद अधूनमधून मिळालेला होताच. हात वर झाले. जागा ठरली. मे महिन्यात खणायला लागले आणि मुरमाखाली खडक, खडकात झरा. पाणी गोड निघालं. इतकं गोड की खणणाऱ्या वडारांनी आधी हसून एकमेकांच्या अंगावर उडवलं.

कठडा बांधून झाला आणि नारळ फोडायचा दिवस आला. सरपंच यायचे होते, त्यांना उशीर झाला. दयाराम मात्र वेळेवर आला, कोरं धोतर नेसून, बरोबर तुळशीराम आणि गावकीचे चारपाच. खालच्या आळीच्या सगळ्या बाया हंडे-कळशा, आपापले दोर घेऊन जमलेल्या. दयारामनं कोणाला न विचारता नारळ फोडला, जणू ही बावही त्याच्या आजोबांचीच. तेवढ्यात गुणाबाई आली. काखेत कळशी, खांद्यावर नवा दोर. गर्दी दुभंगली. ती सरळ कठड्यापाशी गेली.

"थांब," दयाराम म्हणाला. "ही बाव गावाची हाय. जो गावात हाय, त्याची. तू गावात नाय."

गुणाबाईला क्षणभर कळेचना तो काय बोलतोय. मग कळलं. "मी आनली ही बाव!"

"आनली असशील. गाव तुझा आभारी हाय. जा आता."

ती कळशीला दोर बांधायला वाकली तशी दयारामनं तुळशीरामला खूण केली. तुळशीराम पुढं झाला, दोर तिच्या हातातून हिसकला आणि विहिरीत फेकला. खाली पाण्यात चुबुक झालं.

"लय उड्या मारतेस ना, मला निवडून दिलं, मला निवडून दिलं!" दयाराम हात नाचवत म्हणाला. "कोनी दिलं? हा अख्खा गाव उभा हाय. एक मानूस दाखव. तुला मत टाकलेला एक मानूस बोटानं दाखव, आनि खुशाल पानी भर."

गुणाबाईनं वळून बघितलं. समोर सगळ्या उभ्या होत्या. कृष्णाबाई, वेणू, दमयंती, मैना. साऱ्यांच्या माना खाली. त्यांतली कोण कोण, ते तिला चेहऱ्यांवरून वाचता येत होतं. बोट उचललं असतं तर दहा जणींची नावं घडाघडा निघाली असती, आणि त्या रात्री दहा घरांत दहा बाया बदडल्या गेल्या असत्या. तिला वाटलं, बदडू देत! माझ्या दारावरून तोंड फिरवून गेल्या ना या? बोट उचलायला हात शिवशिवला. तिनं मूठ आवळून तो लुगड्यात दाबून धरला.

"ते गुपित हाय," ती म्हणाली. आवाज संतापानं फुटत होता. "ज्यानं टाकलं त्याचं ते. मी फोडनार नाय. मना तोंडात पानी पडलं नाय तरी चालेल, पन फोडनार नाय."

"बघितलंत?" दयाराम गर्दीकडं वळून हसला. "एक पन नाय."

बाया पाणी भरू लागल्या. भरलं, हंडे डोक्यावर घेतले, निघाल्या. गुणाबाई रिकामी कळशी घेऊन कठड्याला टेकून उभी. जाता जाता मैनानं हळूच, कोणाला दिसू नये असं, आपला दोर कठड्याच्या कोपऱ्यात ठेवला आणि न बघता पुढं चालू लागली. दोर गुणाबाईच्या हाताशी येईल असाच ठेवलेला.

गुणाबाईनं तो बघितला, आणि इतक्या महिन्यांचा सगळा राग एकदम घशाशी आला.

"मैने!" ती अशी ओरडली की पुढच्या बाया जागच्या जागी थांबल्या. "उचल तो दोर. मना चोरून काय नको! मत चोरून दिलंत, ते घेतलं, कारन ते तसंच द्यायचं असतं. दोर चोरून घेनार नाय. द्यायचा तर हातात दे, नायतर घेऊन जा!"

आता गुपित फुटलं म्हणायचं की नाही? दयारामच्या ध्यानात आलं की नाही कोण जाणे, तुळशीरामच्या आलं. त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. "चल घरी," तो बायकोवर डाफरला.

मैना वळली. डोक्यावर भरलेला हंडा तसाच. सावकाश मागं आली, हंडा उतरवून कठड्यावर ठेवला, दोर उचलला आणि गुणाबाईच्या हातात दिला. दोन्ही हातांनी दिला. मग नवऱ्याकडं नाही, दयारामकडं बघून म्हणाली, "एक मानूस पाहिजे होता ना तुमाला? मी टाकलं. कंदिलावर. माझं मत हाय, मी सांगेन."

तिचा आवाज स्वच्छ होता. लांब उभ्या असलेल्या बायांना सगळं ऐकू गेलं. त्यांच्यातली एकही पुढं आली नाही. पण एकही घरी गेली नाही.

दयारामला आता मागं सरता येईना. पायरीवर उभं राहून त्यानंच सांगितलेलं, सगळ्या गावाच्या देखत. तो म्हणाला, "मैनाचं घर वाळीत."

"दादा!" तुळशीराम पुढं धावला. "मी नारळ उचललाय! सगळ्यात आधी उचललाय! मी छत्रीवरच..."

"घर एकच धरतात," दयाराम म्हणाला. जन्मभर तो हेच म्हणत आलेला. आणि हा मुकादम, ज्यानं त्याच्यासाठी मान हलवली, पोर गेलं तरी हलवली, त्याच्याकडं न बघता दयाराम निघून गेला. बरोबरचेही वाट सोडून, तुळशीरामचा वारा लागू नये असे, लांबून गेले.

तुळशीराम तोंड उघडं टाकून उभा. त्याच्याशी बोलायला आता गावात दोनच माणसं उरली होती, आणि दोघी त्याच्या समोर होत्या.

गुणाबाईनं मैनाच्या दोरानं कळशी भरून वर घेतली. ओंजळभर पाणी प्यायली. मग तोंड पुसून त्याला म्हणाली, "बघतोस काय? जा, घरून गळ घेऊन ये. माझा दोर कोन काढनार, तुझा दयारामदादा?"

तुळशीरामनं बायकोकडं बघितलं. ती हंडा डोक्यावर घेत होती. तो गळ आणायला गेला.